टापेचे मोड

"हलू नको. केस तुटला तर परत तिची शेपटी धरायला मी नाय जायची," आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे दारातल्या दगडावर बसले होते, डावा पाय पालथ्या बादलीवर ठेवून. आमच्या चांदणी घोडीच्या शेपटीचा एक लांब पांढरा केस आत्याबाईंनी यांच्या अंगठ्याच्या नखाशी उगवलेल्या मांसाच्या कोंबाला गुंडाळला, एक टोक दातात धरलं आणि गाठ आवळली. यांनी डोळे मिटून घेतले. मी हळदीची वाटी घेऊन उभी होते.

त्या कोंबांना आमच्या घरात टापेचे मोड म्हणत. माथेरानला मोटार येत नाही. माणूस चालतो, नाहीतर घोड्यावर बसतो, आणि घोडेवाला घोड्याच्या बरोबरीनं पायी चालतो. त्याच्या पायावर घोडा कधी ना कधी पाय देतोच. कुणाचं नख काळं पडतं, कुणाचं बोट वाकडं होतं. यांच्या नखांच्या मुळाशी तांदळाएवढे, कधी तुरीच्या दाण्याएवढे मोड यायचे. गुळगुळीत, अंगाच्याच रंगाचे. मोडाच्या पुढं नखावर लांब खोल पन्हळ पडायची. एरवी दुखायचे नाहीत, बूट घासला की रक्त यायचं. सासऱ्यांच्याही पायाला होते म्हणे. घोडेवाल्याच्या घरात हे असायचंच, असं मला नवी नवरी असताना सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. नव्या नवरीला दुसरं काय येतं? घोडीचा केस आवळला की मोड वाळून गळायचा, आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढायचा.

"दोन दिस बूट घालू नको," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग गिऱ्हाइकापुढं अनवाणी जाऊ?" हे म्हणाले.

तेवढ्यात अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. छबूच्या हातातली ताटली होती.

छबू आमची एकुलती एक. पाचवं लागलं होतं, पण बोलणं दोन वर्षांच्या पोरीएवढंच. तान्ही असताना ती बसल्याबसल्या दचकायची, मान खाली टाकायची. आत्याबाई म्हणायच्या, नजर लागते. त्या वर्षीच्या दिवाळीपासून मात्र ते नुसतं दचकणं राहिलं नव्हतं. आता तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले आणि उजवा हात झटके देऊ लागला. ती आडवी झाली. ओठ निळे पडले. मी धावले, पण धावून करायचं काय हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसतंच तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि "छबू, छबू" करत राहिले. यांनी बूट तिच्या नाकाला लावला. चांदणी खुंट्याशी फुरफुरत होती. दर वेळी मला वाटायचं, या वेळी ही परत यायची नाही.

ती परत आली. एकदा मोठा श्वास घेतला आणि झोपून गेली.

आत्याबाई जागच्या हलल्या नव्हत्या. उरलेला केस बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "बुधवारी हुसेन येतोय नाल ठोकायला. त्याला सांगते. डाग द्यायचा हिला."

हुसेन नालबंद खालून नेरळहून यायचा. घोड्यांना नाल बसवायचा, आणि एखादं जनावर लंगडायला लागलं, एखाद्या शिंगराला झटके यायला लागले, की लोखंडाची सळई लाल करून डाग द्यायचा. मी एकदा ते पाहिलं होतं. तो वास त्या दिवशी जेवणापर्यंत माझ्या नाकात राहिला होता.

"ती काय शिंगरू हाय?" मी म्हणाले.

"शिंगराला जीव असतो तसाच तिला बी हाय. कपाळाला दोन, मानंला एक. रडंल, ताप येईल, पण झटके थांबतील." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आमच्यात कुणाला नव्हतं असलं. कुठनं आलं ते मला ठावं हाय."

मी छबूला उचलून आत नेलं. माझ्या आईचा भाऊ, तुकामामा, त्याला फेफरं यायचं. नदीवर म्हशी धुताना झटका आला आणि तो गुडघाभर पाण्यात बुडून गेला. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं होतं, "तुकाचं नाव सासरी तोंडातून काढू नको." मी काढलं नव्हतं. पण छबूला पहिला झटका आला त्या दिवसापासून मला तुकामामा डोळ्यांसमोर दिसायचा. माझ्यातूनच गेलंय हे, असं मला पक्कं वाटत होतं. कुणाला कळलं तर पोर ठेवून घेतील आणि मला माहेरी धाडतील, ही एक भीती. आणि मी तोंड उघडलं नाही तर माझ्या लेकीच्या कपाळावर लाल सळई टेकणार, ही दुसरी. दोन्ही भीती पोटात घेऊन मी भाकऱ्या थापत होते.

यांना मी तबेल्यात गाठलं. हे चांदणीला हरभरा घालत होते.

"तुम्ही सांगा ना त्यांना. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणत होत्या, पनवेलला फिट येणाऱ्या पोरांची डॉक्टरीण बसते. बुधवारीच बसते."

"आईला नाय सांगता येत," हे म्हणाले.

"का नाय येत?"

"तिचं काहीतरी हाय या बाबतीत. मला बी नीट म्हाईत नाय. घरात कुणी बोलत नाय." यांनी तोबरा बांधला. "बुधवारी मी दस्तुरीला असणार. गिऱ्हाईक धरायचंय."

दस्तुरी म्हणजे जिथं मोटारी थांबतात तो नाका. घोडा उधळला तर हे छाती काढून पुढ्यात उभे राहायचे, मी पाहिलंय. पण आईनं आवाज चढवला की गडी पार गोगलगाय. त्या दिवशी मला यांचा इतका राग आला की मी हरभऱ्याचं टोपलं तिथंच पालथं केलं आणि निघून आले.

बुधवार उजाडला तो मला नकोच होता. हुसेन आला. त्यानं आधी चांदणीचे चारी नाल बसवले. मग पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवून सळई खुपसली आणि फुंकणीनं फुंकू लागला. मी उंबऱ्यावर छबूला घेऊन बसले होते. माझी पाठ दाराच्या चौकटीला इतकी दाबून धरली होती की दुखत होती.

"मावशी," हुसेन म्हणाला, "जनावराचं येगळं. पोरगी लहान हाय."

"तुला सांगितलं तेवढं कर."

"मंग हिच्या आईला नीट धरायला सांगा. हलली तर डोळ्याला लागंल."

त्यानं सळई बाहेर काढली. टोक लाल होतं, कडेला पिवळं. छबूनं बोट पुढं केलं. तिला रंग ओळखता यायला लागले होते, तेवढंच काय ते तिला येत होतं. ती हसून म्हणाली, "आये, लाल."

मी उठले. उठायचं असं काही ठरवलं नव्हतं. पोरीला कडेवर घेतलं आणि अंगणातून पळत सुटले. फाटकाशी आत्याबाई उभ्या होत्या, हातात चांदणीचा लगाम. मला वाटलं, आता या आडव्या येणार, माझा पदर धरणार, केस धरणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडं राहिलं होतं त्यांचं. पण त्या आडव्या आल्या नाहीत. घोडी हातात आहे म्हणून सोडलं असेल, असं मी तेव्हा समजले.

तांबड्या मातीच्या वाटेनं मी दस्तुरीकडे पळत होते. पायात चप्पल नव्हती. दोन्ही बाजूंना झाडी, वर माकडं. छबू खांद्यावर मान टाकून गप्प होती आणि मी दर दहा पावलांवर तिचा चेहरा बघत होते, डोळे फिरले की काय म्हणून. मध्येच मला मागून टापा ऐकू आल्या. नव्या नालांचा आवाज वेगळा असतो, दगडावर खणखणीत वाजतो. चांदणीच होती. मी आणखी जोरात पळायला गेले आणि ठेच लागून गुडघ्यावर आले. उठवेना. छबूला छातीशी धरून मी वाटेच्या कडेला बसले आणि डोळे मिटून घेतले. आता हिसकावून घेतील, एवढंच मनात होतं.

"ऊठ," आत्याबाई म्हणाल्या.

घोडीच्या डाव्या अंगाला, उजव्या हातात लगाम धरून, त्या उभ्या होत्या. धापा टाकत होत्या. एवढ्या वेगानं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी पोर देणार नाय," मी म्हणाले.

"मागितली कुणी? चालत कुठवर जाशील? वाटंत झटका आला तर? बस वर." मी बसले नाही तेव्हा त्यांनी आवाज चढवला. "बस म्हणते ना! दाव तुझ्या त्या डागदरणीला, तबेल्यातलं तुमचं बोलणं ऐकलंय मी. तिनं काय नाय केलं तर हुसेन परवा परत येतोय. तसं सांगून आलेय मी त्याला. आणि मी बी येणार संगं."

मला यात दया कुठं दिसली नाही. सोबत येणार म्हणजे राखण करायला येणार, मी माहेरी पळू नये म्हणून. मी घोडीवर बसले, छबूला पुढ्यात घेतलं. आत्याबाई लगाम धरून घोडीबरोबर चालू लागल्या.

दस्तुरीला हे आमच्या दुसऱ्या घोड्याला, राजाला घेऊन इतर घोडेवाल्यांत उभे होते. आम्हा तिघींना पाहिलं आणि यांचा चेहरा उतरला. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग दोन्ही घोड्यांचे लगाम शेजारच्याच्या हातात दिले आणि काही न विचारता टॅक्सीत पुढं जाऊन बसले. तेवढ्यानं माझा राग थोडा उतरला.

पनवेलच्या दवाखान्यात दुपार झाली. डॉक्टरीण तरुण होती, केळुसकर नाव. झटके कसे येतात, कधीपासून येतात, हे तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग छबूचे कपडे काढायला लावले आणि तिला पालथी, उताणी करून बराच वेळ बघितलं.

"पाठीवरचे हे पांढरे डाग कधीपासून आहेत?"

"जन्मल्यापासून. जंताचे हाईत ना ते?" मी म्हणाले.

तिनं खिडकीचा पडदा ओढला, दिवा घालवला आणि हातात एक जांभळ्या उजेडाचा दिवा धरला. त्या अंधारात छबूच्या पाठीवरचे डाग चमकायला लागले. पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे, एका टोकाला निमुळते. दिवसाउजेडी मला दोन-तीनच दिसायचे. आता पाठीवर, मांडीवर, पोटावर, जिकडं दिवा जाईल तिकडं एक पान उजळत होतं. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मला वाटलं, कोड समजून घाबरल्या असतील.

पडदा सरकवून डॉक्टरीण म्हणाली, "घरात आणखी कुणाला असे झटके येतात? किंवा यायचे? आईकडून, वडिलांकडून, कुणालाही?"

आता सांगितलं नाही तर पोरीचं नुकसान, सांगितलं तर माझं.

"हिच्या मामाला यायचे," आत्याबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "हिच्या आईच्या भावाला. पाण्यात गेला तो."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"लग्नाच्या आधीपास्नं ठावं हाय," त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

हे तर नुसते आ वासून आम्हा दोघींकडे बघत होते. डॉक्टरीण मात्र हे सगळं बाजूला सारून म्हणाली, "मामांचं नंतर बघू. आधी मला तुम्हा दोघांची नखं बघू द्या."

"नखं?" मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. पोरीला झटके येतात आणि ही नखं बघते. मी हात पुढं केले. नखांत शेण होतं, मला लाज वाटली. तिनं एकेक बोट फिरवून पाहिलं. मग पाय. जोडवी सरकवून बोटांच्या कडा पाहिल्या, भिंग लावून पाहिल्या.

"तुमच्याकडे काही नाही. बाबा, तुम्ही बूट काढा."

"माझं काय बघायचं?" हे म्हणाले. "घोडेवाला हाय मी. टापंखाली आलेलं सगळं. बघण्यासारखं नाय."

"काढा ना."

यांनी डावा बूट काढला. मोजा रक्तानं चिकटला होता, तो ओढताना यांनी दात आवळले. अंगठ्याच्या मोडाला चांदणीचा पांढरा केस तसाच होता, मोड काळानिळा पडलेला. बाकीच्या बोटांनाही दोन-तीन बारीक मोड होते. डॉक्टरीण खुर्चीवरून उठून खाली बसली.

"हे कशानं बांधलंय?"

"घोडीच्या शेपटीचा केस हाय."

ती हसली नाही. "उजवा पाय?"

उजव्या पायाचं एक नख काळं आणि जाड होतं, करंगळी वाकडी. मोड एकही नव्हता. तिनं दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावले.

"हा उजवा पाय घोड्यानं तुडवलाय, हे मलाही दिसतंय. डाव्याचं वेगळं आहे. नखाच्या मुळातून असं मांस उगवतं ते मार लागून नाही."

मी त्या दोन पायांकडे बघत होते. आम्ही सगळे घोड्याच्या डाव्या अंगानं चालतो, उजव्या हातात लगाम. टाप पडली तर उजव्या पायावर पडते. डावा पाय घोड्यापासून लांबचा. सकाळी वाटेवर आत्याबाई तशाच उभ्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इतकी वर्षं मी त्या डाव्या पायाला हळद लावत होते आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मला सोडा, पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांबरोबर चालणाऱ्या कुणाच्याच आली नाही.

"मंग काय हाय ते?" यांचा आवाज बारीक झाला होता. "कॅन्सर?"

"नाही, नाही. साध्या गाठी आहेत. त्यानं जिवाला काही होत नाही. केस बांधू नका, पू होईल, बाकी काही नाही. पण या गाठी खूण आहेत." ती छबूकडे वळली. "हा घराण्यात उतरणारा आजार आहे. कुणाला नुसत्या नखाशी गाठी येतात आणि तो जन्मभर धडधाकट राहतो. कुणाला तशाच गाठी मेंदूत येतात. हिच्या डोक्याचा फोटो काढावा लागेल, पण पाठीवरची ती पानं आणि तुमची ही नखं बघून मला जवळजवळ खात्री आहे. झटके त्यामुळे येतात."

"म्हंजे माझ्यामुळं," हे म्हणाले. यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले, लपवावेत तसे.

"तुमच्यामुळे कसं? तुम्हाला विचारून आलंय का ते?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तुकामामा नव्हता. मी नव्हते. आणि लगेच यांचा चेहरा बघून मला गलबलून आलं. तेवढ्यात डोक्यात मेंदूतल्या गाठी शिरल्या आणि सगळी भीती नव्यानं उभी राहिली. तांदळाएवढ्या, तुरीच्या दाण्याएवढ्या, आत, जिथं कुणाला केस बांधता येत नाही.

"जगंल का?" मी विचारलं.

"जगेल. गोळ्या रोज द्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. झटके कमी होतील, कदाचित थांबतील. शिकायला हळू राहील, ते मी आताच सांगते."

आता आत्याबाई एकदम पुढं झाल्या आणि टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारू? अशीच पानं एका पोराच्या पाठीवर व्हती. अशीच, टोकाला बारीक. त्याला बी झटके यायचे."

"कोण? कुठला मुलगा?"

"माझा. येसू. याच्या आधीचा."

हे ताडकन वळले. यांचं नाव धाकू. धाकू म्हणजे धाकटा, मग थोरला कुठं आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि यांनीही बहुतेक नव्हतं.

"माझ्या सासऱ्यानं नालबंद बोलावला व्हता डाग द्यायला," आत्याबाई म्हणाल्या. "सळई लाल झाली. मी पोरगं उचललं आणि पळाले. ही आज पळाली ना, तशीच. माहेरी नेलं त्याला. तितंच गेला, पावसाळ्याच्या तोंडाला. सगळी म्हणाली, डाग दिऊ दिला असता तर जगला असता. आईनंच मारला." टेबलाची कड त्यांनी सोडली नाही. "मला एवढंच सांगा. डागला असता तर जगला असता का?"

डॉक्टरीण टेबलाच्या या बाजूला आली आणि तिनं आत्याबाईंचे दोन्ही हात धरले.

"नाही आजी. डागून काहीही झालं नसतं. नुसता भाजला असता. तुम्ही त्याला घेऊन गेलात तेच बरोबर होतं."

आत्याबाईंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग त्या खाली बसल्या, फरशीवरच, यांच्या पायाशी. यांचा डावा पाय त्यांनी खुर्चीखालून ओढला आणि अंगठ्यावर वाकून बांधलेला केस दातानं तोडला.

परत येताना एसटीत छबू त्यांच्या मांडीवर झोपली होती. मला विचारायचं होतं, तुकामामाचं ठाऊक असून मला सून का करून घेतलीत, आणि आमच्यात कुणाला नव्हतं असं खोटं का बोललात. मी विचारलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा हात छबूच्या पाठीवर, पोलक्याच्या आत, एकाच जागी फिरत होता.

छबू आता सव्वीस वर्षांची आहे. लिहिता येत नाही, पण चांदणीच्या नातीला खरारा तीच करते. झटका वर्षातून एखादा येतो. मागल्या वर्षी तिच्या हाताच्या बोटाला, नखाच्या मुळाशी, पहिला मोड आला. तिनं तो मला आणून दाखवला तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं, ठाऊक असूनही झालं. भीती अशी सहजासहजी जात नाही.

पण मला आठवतो तो पनवेलहून आल्यानंतरचा शुक्रवार. हुसेन सांगितल्याप्रमाणे आला. राजा घोड्याचा एक नाल निसटला होता, म्हणून त्यानं काम काढलं, आणि सवयीनं डब्यात कोळसेही पेटवले. मी चुलीपाशी होते. कोळशाचा वास आला आणि माझे हात पिठातच थांबले. दोन दिवसांत माणूस बदलतो का, असं मनात आलं. मी तशीच पिठाच्या हातानं दारापर्यंत आले.

आत्याबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. छबू त्यांच्या मांडीवर होती, पहिली गोळी घेतल्यापासून तिला सारखी झोप यायची. त्यांनी दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले होते.

हुसेननं सळई उचलली. "मावशी, पोरीला आणता ना?"

"घोड्याचं बघ," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कोळशांवर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला आणि अंगणभर वाफ उठली. छबूला जागही आली नाही. तरी तो नाल ठोकून, डबा उचलून, फाटकाबाहेर वळणापर्यंत जाईस्तोवर आत्याबाईंनी तिच्या कानांवरचे हात काढले नाहीत.